भिंतीवरचं साल

१

हालिनाने तिकीटघराच्या काचेवर टकटक केली तेव्हा मी कॉफीत दूध घालत होते. ती म्हणाली, "ब्लांकाबाई, खाली या. भिंतीवरचं साल गेलंय."

हालिना युक्रेनहून आलेली. आमच्या भुयारांत झाडलोट करायची. तिचं चेक जरा अडखळत असे, म्हणून मला वाटलं की शब्द चुकला असेल. दगडात कोरलेलं साल जाईल कुठे? तरी मी तिच्यामागून उतरले. झ्नोयमो गावाखाली तळघरांचे चार मजले आहेत, एकाला एक जोडलेले. आमचा लेख तिसऱ्या मजल्यावर एका कोनाड्यात होता. जर्मन भाषेत, ओबडधोबड अक्षरांत कोरलेला: 'मार्गरेटा, आना, योसेफ. नऊ दिवस. १४४५.'

नावं जागच्या जागी होती. नऊ दिवसही होते. सालाच्या जागी तळहाताएवढा पांढरा, ताजा खरवडलेला दगड होता.

त्या लेखावर आमचा सगळा डोलारा उभा होता. गावाबाहेर लुटारू सैनिक, कडाक्याचा हिवाळा, आणि दोन मुलांना घेऊन नऊ दिवस जमिनीखाली लपलेली आई. मी एकवीस वर्षं ही गोष्ट सांगत होते. सांगून झाली की अर्धा मिनिट दिवे घालवायचे. दिवे लागेपर्यंत एखादी तरी बाई डोळे पुसत असायची. गेली पाच वर्षं मी वाटाड्यांची प्रमुख होते आणि नव्या मुलामुलींना ती गोष्ट घोकून घ्यायला लावत होते.

हे घडलं दोन हजार तीनच्या सप्टेंबरात, द्राक्षोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, ब्रनोहून एक तज्ज्ञ बाई सूक्ष्मदर्शक घेऊन तो लेख तपासायला येणार होत्या.

२

संचालक शिमेक धावतपळत तिकीटघरात आले. त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांना गुरुवारचं आमंत्रण धाडलेलं होतं, त्यामुळे तोंडचं पाणी पळालेलं. भुयाराच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. त्यांच्याकडे, माझ्याकडे आणि हालिनाकडे. मंगळवारी पाचला शेवटचा गट वर आल्यावर मीच कुलूप लावलं होतं, आणि बुधवारी साडेसातला हालिनाने ते उघडलं होतं.

"खाली धूळ का नाही?" शिमेकनी तिला विचारलं. "एवढा दगड खरवडला तर भुगा पडायला हवा. तू झाडलास?"

"मी आले तेव्हाच नव्हता, साहेब."

"म्हणजे चोर झाडून गेला."

तिकीटवाली मुलगी हसली. दोन वाटाडे भिंतीला टेकून उभे होते, तेही हसले. हालिनाने आपली कापडी पिशवी पोटाशी घट्ट धरली. ते मला दिसलं, आणि पोलिसांना बोलावलेलं असतानाही मी म्हणाले, "हालिना, पिशवी दाखव."

ती नाही म्हणाली. तीन वर्षांत तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच नाही हा शब्द ऐकला. मी पिशवी तिच्या हातातून ओढली आणि तिकीटघराच्या टेबलावर उलटी केली. पावाचा तुकडा, कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या, सांधायला घेतलेले पायमोजे, आणि बायका कुणाला दिसू देत नाहीत अशी एक पुडी. शेवटी चार घड्या घातलेला कागद पडला. कागद भिंतीवर ठेवून त्यावर पेन्सिल घासली की कोरीव अक्षरं जशी उमटतात, तसा आमचा लेख त्यावर उमटलेला होता. सालासकट.

हे कशासाठी काढलं, असं मी विचारलं. कुणासाठी, असं शिमेकनी विचारलं. तिने एक एक वस्तू उचलून पिशवीत भरली, किल्ली टेबलावर ठेवली आणि ती गेली. पुडी जमिनीवर पडली होती. तिला वाकावं लागलं. कुणीही उचलून दिली नाही.

३

इन्स्पेक्टर व्लास्ता हनाकोवा पन्नाशीच्या, जाडसर, आणि एका गुडघ्याने अधू होत्या. तीन मजले उतरायला त्यांना बराच वेळ लागला, पण खाली आल्यावर घाई केली नाही. त्यांनी हात लावला तो खरवडलेल्या जागेला नाही, नावांना.

"इथे दगड ओलसर आहे," त्या म्हणाल्या. "बाकी भिंत कोरडी आहे. इथे कुणीतरी ओलं फडकं लावून ठेवलं होतं."

कशासाठी, मी विचारलं.

"नावांना छिन्नीचा धक्का लागू नये म्हणून असेल. नासधूस करणारा माणूस इतकी काळजी घेत नाही, नाही का?"

हालिनाच्या पिशवीचं मी सांगितलं. माझी बाजू नीट दिसेल अशा बेताने सांगितलं. हनाकोवांनी कागद मागून घेतला, वहीत ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला या लेखाबद्दल कधी काही शंका आली होती?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

हे खोटं होतं.

दुपारपर्यंत त्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: तिथे काय लिहिलं होतं, आणि त्या नऊ दिवसांत काय झालं असेल? शिमेकनी माहितीपत्रकातला मजकूर घडाघडा म्हणून दाखवला आणि वर्तमानपत्रवाल्यांना आता काय सांगू म्हणून डोकं धरून बसले. वाटाड्यांनी थंडी, लुटारू, भूक सांगितली. मग आम्ही प्राध्यापक वावरांकडे गेलो.

ओल्द्रिख वावरा माझे गुरू. एकोणसत्तर साली शेजारच्या घराच्या दारूच्या तळघरातून भिंत फोडून त्यांनीच हा कोनाडा शोधला होता. त्या शोधावर त्यांना पदवी मिळाली, पुढे विद्यापीठात जागा मिळाली. निवृत्तीनंतरही ते दर बुधवारी लेख पाहायला यायचे. या बुधवारी आले नव्हते. सर्दी झालीय, असं म्हणाले.

लेखाचं ऐकून त्यांनी डोळे मिटले. हनाकोवांचा प्रश्न ऐकून हळू आवाजात बोलू लागले. मार्गरेटाबद्दल ते बोलत तेव्हा नेहमीच ती त्यांच्या नात्यातली वाटायची.

"काय झालं असेल? खाली बारा महिने सारखाच गारठा. वर जूनचं ऊन तापतंय, आणि आत ती पोरं कुडकुडतायत. थोरलीला कळत असेल, धाकटा रडत असेल. त्याचं तोंड दाबून धरायचं. नऊ दिवस."

हनाकोवांनी लिहून घेतलं. निघताना मी सरांना हालिनाचं सांगितलं. ते खिडकीबाहेर पेअरच्या झाडाकडे बघत राहिले.

"वाईट झालं," म्हणाले. "पण बघा चौकशी करून. माणसांचं काय सांगावं."

४

कागद कुणासाठी, हे हालिनाने हनाकोवांना सांगितलं. मी समोर नव्हते म्हणून सांगितलं असावं. सीमेपलीकडे, ऑस्ट्रियातल्या रेट्झ गावी हेडविग आना लांग नावाच्या बाई राहायच्या. भिंतीला हात लावायला मनाई, म्हणून त्यांनी हालिनाला कागद काढून द्यायची विनंती केली होती. मालकांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणून हालिना गप्प राहिली होती.

हनाकोवांना जर्मन येत नव्हतं, मला येत होतं. पासपोर्ट दाखवून आम्ही सीमा ओलांडली आणि अर्ध्या तासात त्यांच्या दारात उभ्या राहिलो.

दार उघडताच मी त्यांना ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं.

त्यांनी आम्हाला बसवलं, आलुबुखारचा केक पुढे ठेवला आणि बोलायला लागल्या. मला ते एकेक वाक्य चेकमध्ये सांगायचं होतं. ब्रनोच्या तज्ज्ञ बाईंना पत्र लिहून लेख तपासायची विनंती आपणच केली, हे त्यांनी सांगितलं. ते मी सांगितलं. मग त्या बराच वेळ बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

मी हनाकोवांना म्हणाले, "त्या म्हणतात, दोन वर्षांपूर्वी त्या भुयार बघायला आल्या होत्या."

हनाकोवांनी केकचा तुकडा खाली ठेवला. "एवढं लांब बोलल्या, आणि तुम्ही एवढंच सांगितलंत?"

 मग मी सगळं सांगितलं. बाई दोन वर्षांपूर्वी एका गटाबरोबर आल्या होत्या. दिवे लागल्यावर त्यांनी वाटाड्या बाईंना विचारलं, 'हे खरंच इतकं जुनं आहे का? माझ्या आईचं नाव मार्गरेटा होतं. आम्ही झ्नोयमोचे. पंचेचाळीसच्या जूनमध्ये, महायुद्ध संपल्यावर गावातल्या जर्मन लोकांना हाकलून सीमेकडे नेत होते तेव्हा आईने आम्हाला तळघरात लपवलं होतं. मी पाच वर्षांची होते आणि घरात मला आना म्हणत. योसेफ दीड वर्षाचा.' यावर त्या वाटाड्या बाई हसून म्हणाल्या, 'मार्गरेटा काय, तेव्हा गल्लीगल्लीत होत्या.' सगळा गट हसला.

"आणि त्या वाटाड्या बाई म्हणजे..." हनाकोवा म्हणाल्या.

"मी."

लांगबाईंना चेक समजत नव्हतं, पण तो एक शब्द समजला असावा. त्यांनी माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढला. तो मला खाववेना.

५

परतीच्या वाटेवर हनाकोवांनी गाडी एका द्राक्षमळ्याकडेला थांबवली. हालिनाचा कागद समोरच्या काचेला लावून उन्हात धरला.

"पेन्सिल घासली की खोल रेघ पांढरी राहते, उथळ रेघ करडी होते. बघा."

मी बघितलं. एक, चार, चार, पाच, इंग्रजी वळणाच्या आकड्यांत. पण पहिला चार नीट बघितला तर दोन वेळा कोरलेला होता. वर एक उथळ, गोल फास होता आणि त्याला उथळ शेपूट. त्याच्यावर दोन खोल, सरळ रेघा मारून चार केलेला. खालचा आकडा नऊ होता.

"एकोणीसशे पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. "आता सांगा, हे साल कुणाला नकोसं झालं? लांगबाईंना? त्यांना तर तपासणी हवी होती. खरवडलं तर त्यांचाच पुरावा जातो. हालिनाला? जे पुसायचं त्याची नक्कल कुणी पिशवीत ठेवून कामावर येत नाही. शिमेक उद्याच्या बातमीसाठी जीव टाकतायत, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही. ज्याने खरवडलं त्याला नावं प्रिय आहेत. तो धूळसुद्धा गोळा करून नेतो. आणि उद्या सूक्ष्मदर्शकाखाली तो आकडा दिसू नये, एवढंच त्याला हवंय."

"किल्ली तिघांकडेच होती," मी म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत की कोनाडा शेजारच्या तळघरातून सापडला. त्या तळघराला दार असेल. त्याची किल्ली चौतीस वर्षांत कुणी परत मागितली?"

त्यांनी कागद काचेवरून काढून वहीत ठेवला.

"तुमची गोष्ट हिवाळ्यातली आहे. शिमेक, वाटाडे, तुम्ही, सगळे थंडीच सांगता. भिंतीवर महिना नाही. मग वावरासरांना जूनचं ऊन कुठून दिसलं?"

६

सरांनी नाकारलं नाही. कागद बघितला, चष्मा काढला आणि आत गेले. परत आले ते हातात एक निळा, टवके उडालेला पत्र्याचा मग घेऊन. कोनाड्यात तो मग होता, आणि एक वर्तमानपत्राचा तुकडा, जून पंचेचाळीसचा. तुकडा त्यांनी तेव्हाच जाळला. हा मग मात्र टाकवला नाही.

"एकोणसत्तर साल होतं," ते म्हणाले. "रस्त्यावर रशियन रणगाडे. पंचेचाळीसमध्ये आपल्या लोकांनी बायकापोरांना कसं हाकललं, हे तेव्हा कोण भिंतीवर राहू देणार होतं? दुसऱ्या दिवशी सिमेंट फासलं असतं. मी एक आकडा बदलला आणि तीन नावं वाचवली."

"आणि नव्वदनंतर, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर?" हनाकोवांनी विचारलं. "तेव्हा कुणी सिमेंट फासणार नव्हतं."

"तोवर मी प्राध्यापक झालो होतो."

 मग हनाकोवांनी विचारलं की आज सकाळी एका बाईला चोर ठरवून घरी पाठवलं, हे कळल्यावर तरी का बोलला नाहीत?

"वाटलं, दोन दिवसांत मिटेल. तिला दुसरं काम मिळेल." एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात ठेवला. एका म्हाताऱ्याची मान लाजेने खाली जाताना मी पहिल्यांदा बघितली आणि मला त्यांची दया आली. तेवढ्यात ते मला म्हणाले, "ब्लांका, तू एकदा विचारलं होतंस. आठवतं?"

आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी चर्चमधल्या एका जुन्या थडग्यावर मी पंधराव्या शतकातला चार पाहिला होता. त्या काळी चार आजच्यासारखा काढत नसत, त्याला खाली दोन पाय फुटलेली गाठ असे. आमच्या लेखातले दोन्ही चार शाळेच्या पाटीवरचे होते. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, दगडात सरळ रेघ सोपी जाते. मी बरं म्हणाले. त्याच महिन्यात त्यांनी माझी शिफारस केली आणि माझी नोकरी कायम झाली. पुन्हा मी त्या थडग्याकडे पाहिलं नाही.

हनाकोवांनी माझ्याकडे बघितलं. 'कधीच नाही' हे माझं उत्तर त्यांच्या वहीत होतं. त्यांनी वही उघडली नाही. उघडली असती तर बरं वाटलं असतं.

७

सरांवर खटला झाला, वयाकडे बघून शिक्षा हलकी झाली. शिमेक म्हणत होते की फलकावर 'काळ अनिश्चित' एवढंच लिहू, लोकांना उगाच कटू आठवणी नकोत. मी पहिल्यांदा त्यांच्याशी भांडले. आता फलकावर खरं साल आहे.

लांगबाई ऑक्टोबरात आल्या. कोनाड्यापाशी मी त्यांना एकटीला सोडणार होते, पण त्यांनी माझा दंड धरून ठेवला. योसेफ सीमेपर्यंत पोचला नाही, असं सांगितलं. रस्त्याकडेच्या एका शेतात त्याला पुरलं, कुठल्या ते आईलाही पुढे सापडलं नाही. "त्याचं नाव कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "फक्त इथे आहे."

हालिनाला परत कामावर बोलावणारं पत्र शिमेकनी पाठवलं. उत्तर आलं नाही. ती काकड्यांच्या लोणच्याच्या कारखान्यात लागली होती. मी फुलं घेऊन तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं, मी उंबऱ्याबाहेर उभी राहून माफी मागितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"इथे कोण आहे ऐकायला?" ती म्हणाली. "तेव्हा सगळे होते."

सोमवारी सकाळी तिला सुट्टी होती. मी सगळ्यांना तिकीटघरात थांबायला सांगितलं. शिमेक, दोन्ही वाटाडे, तिकीटवाली मुलगी. हालिना आली, कोट काढला नाही, दाराशीच उभी राहिली. मी रात्रभर पाठ केलेलं बोलायला लागले. या बाईंनी काही चूक केली नव्हती. यांनी काढलेला कागद नसता तर आपल्याला खरं कधीच कळलं नसतं. आणि मी, काही कारण नसताना, यांची पिशवी उघडून...

"उघडली नाहीत," हालिना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही ओढून घेतलीत. उलटी केलीत. माझं सामान जमिनीवर पडलं, आणि मी वाकून उचललं. तुम्ही सगळे बघत होता."

शिमेकनी घसा खाकरला. तिकीटवाल्या मुलीने मान खाली घातली. माझे कान पेटले होते. एकवीस वर्षं मी रोज अनोळखी लोकांसमोर बोलत आले होते, आणि आता पुढचा शब्द सापडेना.

"थांबते मी," हालिना म्हणाली. "सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यांची पिशवी मी हातातून ओढून घेतली. टेबलावर उलटी केली. यांचं सामान खाली पडलं, ते यांनी वाकून उचललं. मी मदत केली नाही. आमच्यापैकी कुणीच केली नाही.

हालिनाने कोटाचं वरचं बटण लावलं आणि मान हलवली. मग ती कारखान्याच्या बसथांब्याकडे निघून गेली.